वाचणारे आहेत, जागा कुठे आहे?

दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकाच्या गल्ल्यांमध्ये ‘लायब्ररी’ हा शब्द पावलोपावली दिसतो. विजेच्या तारांच्या गुंत्याखाली, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या तोंडाशी, तळघराच्या दारावर. आत पुस्तकांचं कपाट नसतं. मधे लाकडी फळ्या ठोकून एकमेकांपासून तोडलेल्या टेबल-खुर्च्यांच्या रांगा असतात. प्रत्येक टेबलाला एक दिवा, चार्जिंगची सोय, वायफाय, पिण्याचं पाणी, एसी आणि शांतता. ही शांतता महिन्याच्या भाड्याने मिळते. पूर्ण दिवसाचा दर वेगळा, शिफ्टचा वेगळा, रात्रीचा वेगळा. पुस्तक ज्याचं त्याने आणायचं. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत याच सोयीला ‘अभ्यासिका’ म्हणतात आणि तो शब्द निदान प्रामाणिक आहे. दिल्लीने ग्रंथालयाचं नावच पुस्तक नसलेल्या खोलीला देऊन टाकलं. ‘आजची मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य व्यासपीठांवरून, अग्रलेखांतून आणि घराघरांतून ऐकू येतं. ते उच्चारणाऱ्यांनी या पाट्यांचा अर्थ लावून दाखवावा. ज्या पिढीला वाचायचंच नाही, ती पोटाला चिमटा काढून वाचायच्या खुर्चीचं भाडं कशासाठी भरते?

‘वाचनसंस्कृती लोप पावते आहे’ या तक्रारीत एक गृहीतक दडलेलं आहे. वाचणं ही केवळ इच्छेची गोष्ट आहे, आधीच्या पिढ्यांमध्ये ती इच्छा होती, आताच्या पिढीत ती उरली नाही, असं ते गृहीतक. एकदा ते मान्य केलं की उपायही ठरून जातो : मुलांमध्ये इच्छा जागवा. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. कलामांच्या स्मृतीविषयी आदरच आहे. आक्षेप ‘प्रेरणा’ या शब्दावर सगळा भार टाकण्याला आहे. प्रेरणेच्या पुढे काय, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. प्रेरणा मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुस्तक कुठून आणेल, कुठे बसेल, किती वेळ बसू शकेल, दिवा कुणाचा असेल? आडातच पाणी नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? माझं म्हणणं एवढंच आहे की वाचन मुलांच्या मनातून आटलेलं नाही. वाचनाला लागणारी सार्वजनिक जागा, सार्वजनिक प्रकाश आणि सार्वजनिक पुस्तक या तीन गोष्टी आपण राखल्या नाहीत, आणि त्याचा दोष मुलांच्या माथी मारला.

मुनिरका हे या मुद्द्याचं उघडं पुस्तक आहे. हे मुळात शेतकऱ्यांचं गाव. दिल्ली वाढली तशा गावाच्या जमिनी संपादित झाल्या. आजूबाजूला सरकारी वसाहती, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि १९६९ मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभं राहिलं. गावाच्या हातात उरलं ते गावठाण. ब्रिटिश महसूल खात्याने १९०८ मध्ये दिल्लीच्या गावठाणांभोवती नकाशावर तांबड्या शाईने रेघ ओढली, तिलाच ‘लाल डोरा’ म्हणतात. या रेघेच्या आत शहराचे बांधकामाचे नियम दीर्घकाळ नीट लागू झाले नाहीत. शेती गेलेल्या कुटुंबांनी उरलेल्या तुकड्यावर मजल्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. उपजीविकेचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे फारसा नव्हता. आज त्या खोल्यांत वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी राहतात, ईशान्येकडून आलेले तरुण राहतात, रुग्णालयांत आणि कॉल सेंटरांत नोकरी करणाऱ्या मुली राहतात, लोकसेवा आयोगाची तयारी करणारे राहतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेली मुलंमुलीही आहेत. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागते, म्हणून भर दुपारी दिवा लावावा लागतो. एका खोलीत दोघं-तिघं असतात. एकाला रात्रपाळीनंतर झोपायचं असतं, दुसऱ्याला घरी फोन करायचा असतो, तिसऱ्याला वाचायचं असतं. आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावर विद्यापीठाचं नऊ मजली ग्रंथालय उभं आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं. ओळखपत्र असलेल्यासाठी ते उघडं आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याला ती इमारत फक्त लांबून दिसते. विद्यापीठाने आपलं ग्रंथालय आपल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावं हे समजण्याजोगं आहे. प्रश्न असा आहे की बाकीच्यांसाठी कुणी काही ठेवलं का.

आता वाचत नसल्याच्या आरोपाचा पुरावा तपासू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले, ५ लाख ८३ हजारांहून अधिक उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. यशाच्या हिशेबात हे आकडे क्रूर आहेत. वाचनाच्या हिशेबात त्यांचा अर्थ असा की काही लाख तरुण एकाच वेळी इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र, भूगोल आणि नीतिशास्त्र यांवरची जाडजूड पुस्तकं वाचत आहेत; तेही वर्ष-दोन वर्षं, रोज कित्येक तास. मुनिरकाला लागून असलेल्या बेर सरायमधली पुस्तकांची आणि झेरॉक्सची दुकानं या वाचकांवरच चालतात. स्पायरल बांधणीतल्या झेरॉक्स प्रतीला कुणी ‘पुस्तक’ म्हणत नाही, पण भूक किती आहे हे तीच सांगते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकली जातात, ही त्यांची तक्रार होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि शिक्षणासाठी केलेली अशी नक्कल कायद्यात बसते असं म्हटलं. जगातल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांना ज्यांच्या वाचनाविरुद्ध न्यायालयात जावंसं वाटलं, त्या पिढीला ‘वाचत नाही’ म्हणणं हे निरीक्षण नव्हे, सवयीने उच्चारलेलं वाक्य आहे.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की परीक्षेसाठी वाचणं हे खरं वाचन नव्हे. ते उसनं, हेतूला जुंपलेलं वाचन. परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत जातं. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारायची गरज नाही. नोट्सचे सारांश, त्या सारांशांचे सारांश आणि मागल्या वर्षांच्या प्रश्नांभोवती फिरणारी तयारी ही बुद्धीला आखूड करते. पण आक्षेप घेणाऱ्यांनी दोन गोष्टी नजरेआड केल्या आहेत. एक म्हणजे याच परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, आणि त्याच्या अभ्यासक्रमात महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आहे, केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ आहे, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आहे, गौरी देशपांड्यांचं ‘एकेक पान गळावया’ आहे. दिल्लीतल्या एखाद्या खोलीत एखादा तरुण बागुल प्रथम गुणांसाठी उघडतो हे खरं. पण ते पुस्तक गुण मिळेपर्यंतच त्याच्याशी बोलेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. हेतू घेऊन उघडलेलं पुस्तक हेतूच्या पलीकडे नेतं, हा वाचनाचा जुना स्वभाव आहे. लोक कीर्तनाला पुण्यासाठी गेले आणि तिथे त्यांना भाषा मिळाली. मुलं शाळेत नोकरीसाठी गेली आणि तिथे त्यांना कविता भेटली. दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षेपुरतं वाचन परीक्षेपुरतंच का राहतं, हा प्रश्न विचारायला हवा. सगळ्या खोलीत फक्त स्वतः आणलेलं अभ्यासाचं पुस्तक असेल, तर नजर चुकून दुसऱ्या पुस्तकावर पडेल कशी? ग्रंथालयाचा गुण असा की हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारी नको असलेलं पुस्तक उभं असतं. कपाटापाशी पाय रेंगाळतात, हात भलतीकडेच जातो आणि तिथे वाचक घडतो. भाड्याच्या खुर्चीने शांतता दिली पण हे कपाट काढून घेतलं. तेव्हा वाचन परीक्षेत अडकल्याची तक्रार खरी असेल, तर तीही माझ्याच बाजूची साक्ष ठरते.

दुसरा आक्षेप संस्कारकथांमधून येतो. पूर्वीची माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकली, त्यांना कुठे एसी आणि वायफाय होतं, असं सुनावलं जातं. ईश्वरचंद्र विद्यासागरांची गोष्ट या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिचं तात्पर्य मात्र आपण अर्धंच काढलं. रस्त्यावरचा दिवा कुणाच्या घरचा नसतो. तो शहराने लावलेला असतो, त्याचं तेल शहराच्या पैशातून येतं आणि त्याच्याखाली बसणाऱ्याला कुणी पावती मागत नाही. त्या गोष्टीतली जिद्द मुलाची होती आणि दिवा सार्वजनिक होता. आपण जिद्दीचे धडे लिहिले आणि दिव्याचा धडा वगळला.

हाच धडा महाराष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या वाचकाच्या आयुष्यातही आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं शालेय शिक्षण चालू असताना त्यांचं कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. तीच स्वयंपाकाची, तीच सामानाची, तीच झोपायची. वडील रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवत, कारण त्या खोलीत शांतता फक्त तेव्हाच मिळे. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला पाहिलं, विचारपूस केली, पुस्तकं दिली. १९०७ मध्ये मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारात आपणच लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हाती ठेवलं, आणि पुढे त्याच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. त्या पुस्तकापासून निघालेली वाट दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या घरात, १९५६ च्या डिसेंबरपर्यंत बुद्धावरच्या शेवटच्या ग्रंथापाशी कशी पोहोचली, हे सारा महाराष्ट्र जाणतो. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट असामान्य होते, पण आपल्या विषयापुरतं या प्रसंगात पाहण्यासारखं दुसरंच काही आहे. बसायला सार्वजनिक बाग होती. वाचणाऱ्या मुलाकडे लक्ष असलेला एक जाणता माणूस तिथे येत होता. त्या माणसाजवळ द्यायला पुस्तक होतं. वडिलांची तळमळ सोडली तर यांतलं फारसं काही त्या मुलाच्या घरात नव्हतं आणि तिन्ही गोष्टी समाजाने पुरवता येण्यासारख्या होत्या. आज मुनिरकाच्या एखाद्या खोलीत तशीच बुद्धी असेल तर तिला बाग कुठली? तिची विचारपूस करायला केळुसकर कुठून येईल? भाड्याच्या खुर्चीशेजारी फळीचा आडोसा असतो. फळीपलीकडे कोण बसलं आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही. चांगला ग्रंथपाल हा केळुसकरांचं काम पगारावर करणारा माणूस असतो, आणि आपण ज्याला लायब्ररी म्हणतो तिथे ग्रंथपालच नाही.

ही जाण आपल्याकडे नव्हती असंही नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. अक्षर शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे पुस्तक पडलं नाही तर ते अक्षर पुसलं जातं, हे ओळखून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगावी वाचनालयं निघाली आणि पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेड्यांपर्यंत गेली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. खुद्द दिल्लीत २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी दिल्ली पब्लिक लायब्ररीचं उद्घाटन केलं. युनेस्कोच्या मदतीने आशियासाठी प्रायोगिक प्रकल्प म्हणून ती उभी राहिली होती. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या, निर्वासितांच्या तंबूंनी भरलेल्या शहरात राज्यकर्त्यांना ग्रंथालय ही चैन वाटली नाही. फिरत्या मोटारीतून त्या ग्रंथालयाने वस्त्यांपर्यंत पुस्तकं नेली. तेव्हा पैसा आजच्याहून कितीतरी कमी होता. आपल्यात बदल कुठे झाला हे त्यावरून कळतं.

सार्वजनिक जागा जिथून मागे सरते तिथे बाजार येतो, आणि बाजार जे विकता येतं तेवढंच आणतो. खुर्ची विकता येते, तास विकता येतो. रेंगाळणं विकता येत नाही. अशा लायब्रऱ्या चालवणारे सगळे दुष्ट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. शहराने न भरलेली पोकळी त्यांनी भरली, आणि त्यांच्यामुळे हजारो मुलांना निदान टेबल मिळालं. पण नियमाविना भरलेल्या पोकळीची किंमत काय असते ते दिल्लीने २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी पाहिलं. ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तिघा उमेदवारांचा बुडून मृत्यू झाला. त्या तळघराला ग्रंथालय चालवायची परवानगी नव्हती, पण तिथे ग्रंथालय चालत होतं. त्यानंतर शहरातली अनेक तळघरं सील झाली. पाण्यात गेलेली ती तीन मुलं वाचायला बसली होती. ‘मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य यापुढे उच्चारताना माणसाने त्या तळघरासमोर क्षणभर थांबावं.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली जागा मुलासाठी सोय असते. मुलीसाठी ती सोय तेव्हाच ठरते, जेव्हा तिथून खोलीपर्यंतची वाट उजेडाची आणि माणसांची असते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री ज्या बसमधल्या अत्याचाराने देश हादरला, ती बस मुनिरकाच्या थांब्यावर पकडलेली होती. त्या घटनेनंतर कायदे बदलले. वाटा किती बदलल्या, हे तिथून रोज ये-जा करणाऱ्या मुली जाणतात. रात्री अभ्यासाची जागा सोडून नऊच्या आत खोली गाठायची, घरमालकाच्या वेळा पाळायच्या, गावाकडून येणाऱ्या फोनवर ‘पोहोचले’ म्हणून सांगायचं, या सगळ्यातून जो वेळ उरतो तो त्यांचा वाचनाचा वेळ. वाचनाचा प्रश्न रस्त्यावरच्या दिव्यापासून वेगळा काढता येत नाही, हे इथे अक्षरशः खरं आहे. आधीच्या पिढ्यांतल्या ज्या बायकांना घरात पुस्तक लपवून वाचावं लागलं, त्यांच्या नाती आज दिल्लीत स्वतःच्या कमाईवर पुस्तक विकत घेतात आणि ते उघडायला सुरक्षित टेबल शोधतात. यात इच्छेचा तुटवडा कुठे दिसतो?

तिसरा आक्षेप मोबाइलचा. फोनने लक्ष तुकड्यातुकड्यांत वाटून टाकलं, हे मी मान्य करतो. दोन तास एका पुस्तकात राहणं आज खरोखर जड जातं. पण खिडकी नसलेल्या खोलीत, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप न मोडता, दिवा न लावता वाचता येणारं एकमेव पान फोनचं आहे. ज्याच्या हातात दुसरं पान ठेवलंच नाही, त्याला हातातल्या पानाबद्दल बोल लावणं न्यायाचं नाही. याच आक्षेपाचं दुसरं टोक असं की आता सगळं फोनवर मिळतं, तर इमारती कशाला. मराठी विश्वकोश आज कुणालाही फुकट वाचता येतो, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही संकेतस्थळावर खुली आहेत. हे मोठं काम आहे आणि दूर देशी राहणाऱ्या मराठी वाचकासाठी तर ठेवाच आहे. तरी बहुसंख्य मराठी पुस्तकं, विशेषतः गेल्या काही दशकांतल्या कथा, कादंबऱ्या, आत्मकथनं, तिथे नाहीत. आणि फोन पुस्तक देऊ शकतो, पण बसायला जागा देऊ शकत नाही, वाचणारी इतर माणसं दाखवू शकत नाही. माणूस वाचणाऱ्यांमध्ये बसून वाचक होतो. मुलांनी खोलीत फुकट मिळणारा फोन असताना पैसे भरून अनोळखी माणसांच्या रांगेत बसणं पत्करलं, यातच फोन पुरेसा नसल्याचं उत्तर आलं.

चौथा आक्षेप व्यवहाराचा : सरकारने रस्ते, पाणी, दवाखाने पाहायचे की ग्रंथालयं? याचं उत्तर चेन्नईत उभं आहे. कोट्टूरपुरममध्ये १५ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झालेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात स्वतःची पुस्तकं आणून वाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि स्पर्धा परीक्षांची मुलं तो भरून टाकतात. म्हणजे जी सोय मुनिरकात भाड्याने घ्यावी लागते ती तिथे सार्वजनिक आहे, आणि तीही लाखो पुस्तकांच्या शेजारी. २०११ मध्ये नव्या सरकारने त्या इमारतीत रुग्णालय करण्याचं ठरवलं, तेव्हा लोक न्यायालयात गेले आणि ग्रंथालय वाचलं. १५ जुलै २०२३ रोजी मदुराईतही तसंच भव्य ग्रंथालय उघडलं. यामागे केवळ हौस नाही. तिथल्या १९४८ च्या ग्रंथालय कायद्यापासून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर वसूल होतो. ग्रंथालयाचा पैसा अर्थसंकल्पातल्या मर्जीवर सोडलेला नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. राज्यातली हजारो शासनमान्य ग्रंथालयं वर्गवारीनुसार मिळणाऱ्या अनुदानावर आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसांच्या निष्ठेवर तग धरून आहेत. ज्या समाजाने लोकवर्गणीतून वाचनालयांची परंपरा घडवली, त्याने कायद्यात मात्र ती परंपरा अनुदानाच्या दारात उभी केली.

शेवटी असं विचारलं जाईल की दिल्लीतल्या मुलांची काळजी महाराष्ट्राने कशाला करायची. करायची, कारण महाराष्ट्रच त्यांना तिथे पाठवतो. बार्टी, सारथी यांसारख्या राज्याच्या संस्था होतकरू उमेदवारांना विद्यावेतन देऊन लोकसेवा आयोगाच्या तयारीसाठी दिल्लीला धाडतात, आणि हे पाऊल योग्यच आहे. शिकवणीचं शुल्क आणि महिन्याचा खर्च देणाऱ्या राज्याने आपल्या मुलांना मराठी पुस्तकांनी भरलेली एक खोलीही द्यावी, ही मागणी अवाजवी नाही. मराठीचं दिल्लीशी नातं आजचं नाही. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच तर्कतीर्थांनी पुढे विश्वकोशाचा पाया घातला. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वं संमेलन झालं, आणि जुलै २०२५ मध्ये जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचं विशेष केंद्र सुरू झालं. हे सगळं अभिमानाचं आहे. पण संमेलन तीन दिवसांचं असतं आणि वर्षाचे उरलेले ३६२ दिवस वाचकाला कुठेतरी बसायचं असतं. या केंद्रातून संशोधक तयार होतील. संशोधकाआधी वाचक लागतो, आणि तो विद्यापीठाच्या भिंतीबाहेर मुनिरकात, बेर सरायमध्ये, कटवारिया सरायमध्ये आधीच हजर आहे.

लिहिण्याचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. नागरी सेवेची मुख्य परीक्षा नऊ पेपरांची असते, हाताने लिहायची असते आणि ती मराठीतही देता येते. मराठीतून लिहू पाहणाऱ्याला अभ्यासाची पुस्तकं मात्र बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत मिळतात. म्हणून तो इंग्रजीत वाचतो, मराठीत विचार करतो, संज्ञांसाठी शब्द शोधतो आणि वह्यांमागून वह्या भरतो. कुणीही न मागितलेलं, कुठेही न छापलं जाणारं हे मराठी गद्य रोज लिहिलं जात आहे. राज्यघटनेतल्या एखाद्या कलमासाठी नेमका मराठी शब्द सापडावा म्हणून जो मुलगा तासभर अडून बसतो, त्याला विश्वकोशाचा खंड, परिभाषा कोश आणि चार चांगली मराठी पुस्तकं हाताशी मिळाली तर त्याचा पेपर सुधारेल, आणि त्यापुढे मराठीही सुधारेल. भाषा अभिजात ठरली ती जुन्या लेखनावर. ती जिवंत राहायची तर अशा वह्यांना आधार द्यावा लागेल.

म्हणून या पिढीला उपदेश पुरे झाला. मागणी मोजकी आहे : लाल डोऱ्याच्या आत किंवा त्याला लागून पालिकेने चालवलेलं, रात्री उशिरापर्यंत उघडं, विनाशुल्क वाचनालय, त्यात पुस्तकांची कपाटं आणि पूर्ण पगाराचा ग्रंथपाल, तिथून मुख्य रस्त्यापर्यंत चालू असलेले दिवे, महाराष्ट्र शासनाने त्यात भरलेलं आणि दर वर्षी वाढवलेलं मराठीचं एक दालन, आणि राज्यात परतून १९६७ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी हक्काचा पैसा. एवढं करून पाच वर्षं थांबा आणि मग मुलं वाचतात का ते मोजा. तोवर या पिढीवरचा आरोप मागे घ्यायला हवा. परळच्या खोलीतल्या, बागेत वाचत बसलेल्या मुलाला शहराने निदान एक बाग ठेवली होती. मुनिरकातली मुलं वाचण्यासाठी जिने उतरून बाहेर पडलीच आहेत. त्यांना बसायला जागा द्यायची पाळी आता आपली आहे.